गहू सोडल्यावर बरं वाटतं, पण सिलिअ‍ॅक नाही: एका प्रकरणाचा पूर्ण मागोवा

पुण्यातली ३४ वर्षांची नोकरदार महिला. दोन वर्षांपासून पोटात गुबारा धरतो, जेवल्यावर तासा-दोन तासांत कळ येते, शौचाला कधी पातळ होतं तर कधी दोन-दोन दिवस होतच नाही. दुपारनंतर डोकं जड, अंगात त्राण नाही. चार महिन्यांपूर्वी ओळखीतल्या कुणीतरी सांगितलं म्हणून पोळी, पाव, बिस्किटं बंद केली आणि आठवड्याभरात पोट हलकं झालं. त्यांचा प्रश्न सरळ होता: मला ग्लुटेन (गव्हातलं चिवट प्रथिन) चालत नाही हे कळलं, आता आयुष्यभर पाळायचं का?

हे प्रकरण एका माणसाचं नाही. दवाखान्यात वारंवार दिसणाऱ्या गोष्टी एकत्र करून ते रचलं आहे. त्यातले त्रासाला दिलेले गुण आणि प्रमाणं नमुन्यादाखल आहेत, तपासणीचा क्रम आणि निकष मात्र प्रत्यक्ष वापरात असलेले आहेत.

गव्हाने त्रास होण्याची तीन वेगळी कारणं आहेत. सिलिअ‍ॅक आजारात ग्लुटेनमुळे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच आतड्याच्या अस्तरावर उलटते. गव्हाच्या अ‍ॅलर्जीत आयजीई प्रकारच्या प्रतिपिंडांमुळे अंगावर पित्त उठतं, ओठ सुजतात, दम लागतो. तिसरं कारण म्हणजे या दोन्हींपैकी काही नसताना गहू खाल्ल्यावर होणारा त्रास, ज्याला सिलिअ‍ॅकेतर ग्लुटेन संवेदनशीलता म्हणतात. या तिसऱ्या प्रकाराची रक्तचाचणी नाही, बायॉप्सीत दिसणारी खूण नाही. पहिले दोन वगळायचे आणि मग पद्धतशीर खाऊन-सोडून पाहायचं, एवढाच मार्ग आहे. त्यामुळे क्रम चुकला की सगळंच चुकतं.

तपासणीआधीच गहू सुटला

इथे क्रम आधीच चुकलेला होता. सिलिअ‍ॅकची टीटीजी-आयजीए ही रक्तातले आयजीए प्रकारचे प्रतिपिंड मोजणारी चाचणी खाण्यात ग्लुटेन असतानाच खरं बोलते. गहू थांबला की प्रतिपिंड हळूहळू उतरतात, अस्तर सावरू लागतं आणि खरा सिलिअ‍ॅक असलेल्या माणसाचाही अहवाल ‘नॉर्मल’ येऊ शकतो. या बाईंनी चार महिने गहू सोडल्यावर चाचणी केली, ती नॉर्मल आली आणि सिलिअ‍ॅक नाही असं त्यांनी गृहीत धरलं. त्या कागदाला काही किंमत नव्हती.

शिवाय दोन गोष्टी सिलिअ‍ॅककडे बोट दाखवत होत्या. हिमोग्लोबिन ११.४ आणि फेरिटिन १४, म्हणजे लोहाचा साठा तळाला. मासिक पाळीच्या रक्तस्रावाने हे होऊ शकतं, पण आतड्यात लोह शोषलं जात नसेल तरीही होतं. दुसरं असं की आपल्याकडे सिलिअ‍ॅक दुर्मीळ नाही. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील गोविंद मखारिया आणि सहकाऱ्यांनी राजधानी परिसरात केलेल्या, २०११ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत साधारण ९६ माणसांमागे एकाला तो आढळला होता. पुढच्या पाहणीत उत्तरेच्या तुलनेत दक्षिणेत तो फारच कमी निघाला, तरी हा आजार गोऱ्या लोकांचाच हा समज सोडून द्यायला हवा.

गहू आधीच सोडलेल्या माणसाला लगेच पुन्हा खायला लावण्याआधी एक चाचणी उपयोगी पडते: एचएलए-डीक्यू२ आणि डीक्यू८. ही जनुकं आहारावर अवलंबून नसतात. दोन्ही नसतील तर सिलिअ‍ॅक जवळजवळ नाहीच, आणि पुढचा सगळा खटाटोप वाचतो. असली तर मात्र काहीच सिद्ध होत नाही, कारण ३० ते ४० टक्के निरोगी लोकांतही ती असतात. इथे डीक्यू२ निघालं. म्हणजे गहू परत सुरू करणं भाग होतं.

रोज दोन पोळ्या, सहा आठवडे. एका पोळीला ३० ग्रॅम कणीक धरली तर तिच्यात साधारण अडीच ते तीन ग्रॅम ग्लुटेन असतं, म्हणजे दिवसाला पाच ग्रॅमच्या वर. कमीत कमी तीन ग्रॅम लागतं. पुष्कळ जण इथे अर्धी पोळी खाऊन ‘खाल्ला गहू’ म्हणतात आणि चाचणी पुन्हा वाया घालवतात. त्रास फार झाला तर दोन आठवड्यांनंतरही तपासता येतं, पण सोसवत असेल तर मुदत पूर्ण करावी. गव्हाने कधी अंगावर गांधी उठल्या असतील किंवा श्वास लागला असेल तर हा प्रयोग घरी करायचा नाही. आधी आयजीई तपासायचं. ते इथे नॉर्मल होतं.

सहा आठवड्यांनंतर टीटीजी-आयजीए नॉर्मल आलं. त्याच नमुन्यातून एकूण आयजीए पाहिलं, तेही पुरेसं होतं. हे पाहणं विसरू नये: काही लोकांत आयजीए जन्मतःच कमी असतं, आणि मग आयजीएवर बेतलेली चाचणी नॉर्मल येणारच. त्यांच्यासाठी आयजीजी प्रकारच्या चाचण्या आहेत. लोह कमी असल्याने दुर्बीण तपासणीही केली. लहान आतड्याच्या सुरुवातीच्या फुगीर भागातून दोन आणि त्यापुढच्या भागातून चार तुकडे घेतले. एकच तुकडा घेतला तर ठिपक्याठिपक्यांनी झालेलं नुकसान निसटू शकतं. अस्तर निरोगी होतं. सिलिअ‍ॅक वगळला. लोहाच्या गोळ्या वेगळ्या सुरू केल्या. थायरॉइड आणि शौच तपासणीत काही निघालं नाही. वजन घटणं, शौचातून रक्त, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब, ताप यांपैकी काहीही नव्हतं. यातलं एक जरी असतं तरी आहाराचे प्रयोग बाजूला ठेवून आधी त्याचा शोध घ्यावा लागला असता.

त्यांच्याकडे एक जाड अहवालही होता: रक्तातून शंभरावर पदार्थांची ‘इनटॉलरन्स’ तपासणी, त्यात गहू, दूध, अंडं, शेंगदाणा लाल रंगात. हे आयजीजी प्रतिपिंड आहेत. आपण जे नेहमी खातो त्याचे आयजीजी शरीरात असतातच. त्यावरून काय सोसत नाही हे कळत नाही. या अहवालांवर लोक हजारो रुपये घालवतात आणि मग चार पदार्थांवर जगतात, याचं फार वाईट वाटतं.

एकादशी आणि चातुर्मास

प्रकरणाला वळण मिळालं ते खाण्याचा इतिहास सविस्तर विचारल्यावर. ‘कोणत्या दिवशी पोट शांत असतं?’ असं विचारलं तर त्या म्हणाल्या, एकादशीला. घरी सासूबाईंमुळे एकादशी पाळली जाते. साबुदाणा, वरी, राजगिरा, शिंगाडा यांपैकी कशातच ग्लुटेन नाही, तेव्हा त्यांना ही गव्हाविरुद्धची साक्षच वाटत होती.

पण उपवासाच्या ताटातून गव्हाबरोबर कांदा, लसूण आणि तूर-हरभऱ्याच्या डाळीही जातात. एका दिवसात चार संशयित एकदमच बाहेर. यातून कोणालाच दोषी धरता येत नाही.

मग चातुर्मासाचं विचारलं. घरात आषाढी ते कार्तिकी एकादशी कांदा-लसूण नसतो. पोळी मात्र रोज असते, सकाळ-संध्याकाळ. आणि गेल्या पावसाळ्यात? जरा थांबून त्या म्हणाल्या, तेव्हा बरंच बरं होतं. त्याआधी, चातुर्मास लागण्यापूर्वीच्या कांदेनवमीला घरात कांदाभजी, कांद्याचं थालीपीठ, भरले कांदे झाले होते आणि त्या रात्री त्रास कळसाला पोचला होता. गहू तोच, कांदा गेला, पोट शांत. डॉक्टरांना आणि आहारतज्ज्ञांना आमचं सांगणं आहे की मराठी घरातल्या रुग्णाला हा प्रश्न जरूर विचारा. चार महिन्यांचा प्रयोग घरात आपोआप होऊन गेलेला असतो. आठवणीवर निदान करता येत नाही, पण कुठे शोधायचं ते कळतं.

गव्हात नेमकं काय काय असतं

१०० ग्रॅम मैदा घट्ट मळा, गोळा अर्धा तास पाण्यात बुडवून ठेवा आणि मग पातेल्यातल्या पाण्यात हलक्या हाताने चोळत राहा. पाणी दुधासारखं पांढरं होतं. चार-पाच वेळा पाणी बदललं की हातात करडा-पिवळसर, रबरासारखा ताणणारा, चावलं तर चिवट लागणारा गोळा उरतो. ओला तोलला तर २५ ते ३० ग्रॅम, वाळल्यावर त्याचा तिसरा हिस्सा. हे ग्लुटेन. पाण्यात गेलं ते स्टार्च, आणि त्याच पाण्यात विरघळून गेलं ते फ्रुक्टॅन. कुरडयांसाठी गहू भिजवून, वाटून, चीक आणि चोथा वेगळा करणाऱ्यांना ही फारकत हाताने माहीत आहे. (चिकात थोडं ग्लुटेन राहतंच, त्यामुळे सिलिअ‍ॅकच्या रुग्णाने कुरडई खाऊ नये.)

फ्रुक्टॅन म्हणजे फ्रुक्टोजच्या साखळ्या. माणसाच्या लहान आतड्यात त्या तोडणारं विकर नाही. त्या तशाच मोठ्या आतड्यात जातात, तिथले जिवाणू त्या आंबवतात, वायू होतो, पाणी ओढलं जातं. हे प्रत्येकाच्याच पोटात होतं. ज्यांचं आतडं ताणाला जास्त हळवं आहे त्यांना तो वायू कळ म्हणून जाणवतो. गव्हाच्या पिठात फ्रुक्टॅन टक्का-दीड टक्काच, पण आपण पोळ्या खातो चार. कांदा त्याहून वरचढ आणि लसणात तर कांद्यापेक्षाही कितीतरी जास्त. याशिवाय गव्हात एटीआय नावाची प्रथिनंही असतात, ती आतड्यातली प्रतिकारशक्ती चाळवू शकतात.

म्हणजे पोळी सोडली आणि बरं वाटलं, एवढ्यावरून ग्लुटेनला शिक्षा देता येत नाही. त्यातून वडापाव सुटतो तेव्हा पावाबरोबर लसणाची चटणी आणि तळणही सुटतं. पावभाजीबरोबर वर भुरभुरलेला कच्चा कांदा जातो.

मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठातल्या गटाची कहाणी इथे सांगण्यासारखी आहे. २०११ साली त्यांनी ३४ रुग्णांत ग्लुटेनने त्रास वाढतो असं दाखवलं. शंका राहिली म्हणून २०१३ साली ३७ जणांना आधी आंबणाऱ्या कर्बोदकांपासून दूर ठेवलं आणि मग गुपचूप ग्लुटेन दिलं. ग्लुटेनचा खास परिणाम जेमतेम ८ टक्क्यांत दिसला. स्वतःचाच निष्कर्ष तपासून तो बदलणारी माणसं विरळ. पुढे २०१८ साली ऑस्लोत, स्वतःहून ग्लुटेन टाळणाऱ्या ५९ जणांना ग्लुटेन, फ्रुक्टॅन आणि काहीच नसलेल्या वड्या आळीपाळीने दिल्या, तेव्हा सर्वाधिक त्रास फ्रुक्टॅनच्या आठवड्यात झाला. तरीही १३ जणांना ग्लुटेननेच जास्त त्रास झाला होता. ग्लुटेन सोसत नसलेले लोक खरे आहेत, थोडे आहेत, आणि त्यांना ओळखायचं तर नीट चाचणी करावी लागते.

सालेर्नो पद्धत, घरच्या लाडवांतून

ग्लुटेन संवेदनशीलता ओळखण्यासाठी इटलीतल्या सालेर्नोत तज्ज्ञांनी ठरवलेले आणि २०१५ साली प्रसिद्ध झालेले निकष दोन टप्प्यांचे आहेत. पहिल्यात एक ते तीन मुख्य तक्रारींना रोज १ ते १० गुण द्यायचे, सहा आठवडे ग्लुटेन बंद ठेवायचं, आणि निदान एक तक्रार ३० टक्क्यांनी, निदान निम्मे दिवस तरी उतरते का ते पाहायचं.

पोळ्या चालू असताना पोटफुगी ७, कळ ५, थकवा ६ होता. इथे एक नियम फार कडकपणे पाळला: सहा आठवड्यांत बदल फक्त ग्लुटेनचा. कांदा, लसूण, डाळ, दूध नेहमीएवढंच. पोळीऐवजी ज्वारीची भाकरी आणि भात.

पहिला आठवडा नासला. गिरणीत गव्हाच्या मागोमाग ज्वारी दळली गेली होती, आणि भाजणीच्या थालीपिठात गहू होता. बहुतेक घरांतल्या भाजणीत मूठभर गहू असतो. खपली गहूही गहूच, त्याचं ग्लुटेन कमी चिवट असतं पण असतंच. रवा, शेवया, लापशी, जव, सोया सॉस, सातूचं पीठ हे सगळं तपासावं लागतं. बाजारातल्या बऱ्याच बांधानी हिंगात गव्हाचं पीठ असतं. चिमूटभर हिंगाने या रुग्णाचं पोट बिघडणार नाही, सिलिअ‍ॅकमध्ये मात्र तो टाळायलाच हवा. चाचणीपुरता तांदळाच्या पिठातला हिंग आणला. पाकिटावर ‘ग्लुटेनमुक्त’ लिहायचं तर आपल्या अन्नसुरक्षा नियमांनुसार किलोमागे २० मिलिग्रॅमच्या आत ग्लुटेन असावं लागतं.

भाकरी मोडते ही दुसरी तक्रार. ज्वारीत ताण देणारं ग्लुटेन नाही, तिला बांधतो तो शिजलेला स्टार्च. म्हणून पीठ आधणाच्या पाण्यात भिजवायचं, वाटीभर पिठाला पाऊण ते एक वाटी, पाच मिनिटं झाकून मग तळहाताने रगडून मळायचं. पीठ जून झालं की विरी जाते आणि कितीही मळलं तरी कडा फुटतात. आठ-दहा दिवसांपुरतंच दळून आणा. हे बारीक वाटेल, पण ज्यांची भाकरी जमत नाही ते तिसऱ्या दिवशी महागडी ग्लुटेनमुक्त बिस्किटं आणतात, ज्यांत तांदूळ-मक्याचा स्टार्च, साखर आणि तेल यापलीकडे फारसं काही नसतं.

पुन्हा मोजून सहा आठवडे झाले. पोटफुगी सरासरी ४.५, म्हणजे ३६ टक्के कमी, सहापैकी चार आठवडे टिकलेली. पहिला टप्पा पार. इथेच बहुतेक जण थांबतात आणि निदान झालं म्हणतात.

दुसऱ्या टप्प्यात रुग्णाला न कळता ग्लुटेन द्यायचं असतं: रोज ८ ग्रॅम, एक आठवडा. मग एक आठवडा काही नाही, मग दुसरा नमुना एक आठवडा. दोन नमुन्यांच्या आठवड्यांतल्या गुणांत निदान ३० टक्के फरक हवा. संशोधनात यासाठी खास वड्या बनवतात. इथे आहारतज्ज्ञांनी नाचणी-गुळाचे लाडू केले, रोज दोन. एका डब्यातल्या लाडवांत प्रत्येकी ५ ग्रॅम बाजारात मिळणारं ग्लुटेन चूर्ण (त्यात पाऊण हिश्श्याहून जास्त प्रथिन असतं, म्हणून १० ग्रॅमला ८ धरलं), दुसऱ्यात तेवढंच भाजलेलं तांदळाचं पीठ. डब्यांवर फक्त ‘अ’ आणि ‘ब’. कोणता कशाचा हे रुग्णालाही माहीत नाही आणि गुण तपासणाऱ्या डॉक्टरांनाही नाही. घरच्यांनी करू नये ते याचसाठी: वाढणाऱ्याचा चेहरा सांगून जातो. चूर्ण वापरायचं कारण वरच्या धुतलेल्या गोळ्यात आहे. पोळी देऊन ग्लुटेनची परीक्षा होत नाही, कारण पोळीत फ्रुक्टॅनही असतं.

‘अ’ आठवड्याच्या दुसऱ्या दिवशी पोटफुगी ७ झाली आणि बाईंनी फोन करून सांगितलं, हेच ग्लुटेन, थांबवू का? सांगितलं, थांबू नका. आठवड्याची सरासरी ४.५. ‘ब’ आठवड्याची ४.८. डबे उघडल्यावर कळलं की ‘अ’मध्ये तांदळाचं पीठ होतं. फरक ७ टक्के.

याचा अर्थ त्रास मनाचा होता असा नाही, आणि हे रुग्णाला नीट समजावून सांगायला हवं. त्रास होणार ही धास्ती आतड्याच्या हालचाली आणि संवेदना खरोखर बदलते. अशा दहा चाचण्यांचा २०१७ सालचा एकत्रित आढावा आहे, त्यात रिकाम्या नमुन्यानेही तेवढाच त्रास झालेले सुमारे ४० टक्के होते.

मग कांदा

यानंतर चार आठवडे फॉडमॅप, म्हणजे फ्रुक्टॅनसारखी आतड्यात आंबणारी कर्बोदकं, कमी असलेला आहार: कांदा, लसूण, गहू, तूर-हरभरा-राजमा, सफरचंद, आंबा बंद, दूध लॅक्टोजमुक्त. पोटफुगी २ वर आली. हा आहार कायमचा नाही. लांबवला तर आतड्यातले उपयोगी जिवाणू घटतात. गरोदरपणी, वजन मुळात कमी असेल किंवा खाण्याशी बिनसलेलं नातं असेल तर तो सुरूच करू नये.

नंतर एकेक पदार्थ तीन दिवस, वाढत्या मापाने, मध्ये तीन दिवस मोकळे. दूध एक कपापर्यंत चाललं. शिजलेला कांदा १० ग्रॅमला काही नाही, २५ ग्रॅमला पोटफुगी ३, ५० ग्रॅमला ६ आणि रात्रभर कळ. लसणाच्या अर्ध्या पाकळीला ४. पोळी: एकीला २, दोनला ३, तीनला ५. तुरीचं वरण अर्धी वाटी ठीक, एक वाटीला ४.

माप वाढलं की त्रास वाढतो. सगळ्यांची बेरीज एका पोटात होते. दोन पोळ्या चालतात, वाटीभर वरणाऐवजी अर्धी वाटी चालते. पण तीन पोळ्या, कांद्याच्या वाटणाची भाजी आणि वाटीभर वरण एका ताटात आलं की संध्याकाळ गेली. दोन वर्षांचा त्रास बहुतांश इथेच होता.

ठरलेली घडी अशी. दिवसाला दोन पोळ्या, शक्यतो एका जेवणात एकच. रात्री भाकरी, आठवड्यातून दोन-तीनदा नाचणीची, कारण १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. फोडणीत सोललेल्या सबंध लसूणपाकळ्या तेलात तांबूस करून काढून टाकायच्या आणि मगच भाजी घालायची. फ्रुक्टॅन पाण्यात विरघळतं, तेलात नाही, म्हणून तेलात लसणाचा वास उतरतो आणि त्रासदायक भाग पाकळीबरोबर बाहेर जातो. हेच कांद्याच्या बाबतीत रश्शात करून चालत नाही: कांदा उचलून टाकला तरी त्याचं फ्रुक्टॅन रश्शात उतरलेलं असतं. लसणाचं तेल करून बाहेर भरून ठेवू नये, त्यात घातक जिवाणू वाढू शकतात. रोजच्या रोज करावं. कांद्याच्या पातीचा हिरवा भाग चालतो, पांढरा नाही. वाटण खोबरं, आलं, तीळ, हिंग यांचं. चातुर्मासात घरात होतंच ते. डाळ रात्रभर भिजवून ते पाणी ओतून द्यायचं.

दुसऱ्या टप्प्यात ग्लुटेनच दोषी निघालं असतं तर? तरी सिलिअ‍ॅकसारखं वेगळं लाटणं-तवा लागला नसता. सहा ते बारा महिने ग्लुटेन टाळून, मग थोडं थोडं वाढवत स्वतःची मर्यादा शोधायची, असंच सांगितलं असतं.

सहा महिन्यांनी फेरिटिन ३८ होतं, पोटफुगी बहुतेक दिवस २ ते ३. थकवा लोह भरल्यावर उतरला, म्हणजे त्याचा गव्हाशी संबंध नसावा. मधल्या काळात होळी येऊन गेली. पुरणपोळीत गहू आणि हरभऱ्याची डाळ दोन्ही, वर कटाची आमटी. बाईंनी एक पुरणपोळी तुपाबरोबर खाल्ली, आमटी घेतली नाही, रात्री नुसता ताक-भात. वहीत त्या दिवसापुढे ३ लिहिलेला आहे.